थट्टा करतात, टर उडवतात, गंडा घालतात: हसण्या-फसवण्याच्या मराठी शब्दांची उकल

पुतळ्यावर कोणी शाई फेकली, तर बातमीत ‘विटंबना’ हा शब्द येतो. त्याच पुतळ्याच्या थाटात एखादा नट छाती काढून, हात पुढे करून रंगमंचावर उभा राहिला आणि लोक खो खो हसले, तर ते ‘विडंबन’. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. संस्कृतात ‘विडम्ब्’ म्हणजे अनुकरण करणं, आणि त्या अनुकरणातून समोरच्याचं हसं करणं. ‘विडम्बना’ या एकाच शब्दात तिथे नक्कल, चेष्टा आणि मानहानी असे तिन्ही अर्थ नांदत होते. मराठीनं या घराच्या वाटण्या केल्या. ‘ड’चा ‘ट’ झालेल्या शब्दाकडे मानहानी गेली, ‘ड’ राखून असलेल्याकडे कलेतली नक्कल राहिली. त्यामुळे ‘ध्वजाचे विडंबन’ हे चूक आहे, आणि ‘कवितेची विटंबना’ असं लिहिलं तर कोणीतरी कवितेचा अपमान केला असा अर्थ होतो, तिच्यावरून गमतीची कविता रचली असा होत नाही. हल्ली ‘केवढी ही विडंबना!’ असंही वाचायला मिळतं. तो हिंदीतला अर्थ आहे. मराठीत त्या जागी ‘दैवदुर्विलास’ किंवा ‘विसंगती’ हे शब्द केव्हापासून आहेत, आणि ते वापरावेत.

हसणं आणि फसवणं यांच्यासाठी मराठीत इतके शब्द आहेत की समानार्थी म्हणून त्यांची यादी करायला बसलं तर पान भरतं. यादीत ते सारखे दिसतात, बोलताना मात्र कोणी एकाच्या जागी दुसरा वापरत नाही. ‘त्यानं माझी मस्करी केली’ आणि ‘त्यानं माझी टर उडवली’ ही वाक्यं ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या घटना सांगतात. फरक कळण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्यावर हसतात, तो स्वतः त्या हसण्यात सामील होऊ शकतो का? खेळ चाललाय हे त्याला ठाऊक आहे का, आणि नसेल तर कधी कळतं? शेवटी त्याच्या पदरचं काही गेलं का?

आधी क्रियापद बघा

शब्दाला धार किती आहे, याची सगळ्यात भरवशाची खूण त्याच्या क्रियापदात असते. गंमत, मस्करी, थट्टा, चेष्टा ‘करतात’. टर, खिल्ली, रेवडी, हुर्यो ‘उडवतात’. टोमणा, कोपरखळी, थाप ‘मारतात’. हूल, हुलकावणी, गुंगारा ‘देतात’. फिरकी ‘घेतात’. शेंडी ‘लावतात’. टोपी आणि गंडा ‘घालतात’.

‘करणं’ दोघांतल्या दोघांत होऊ शकतं. ‘उडवणं’ म्हटलं की बघे लागतात. काहीतरी हवेत उडतं आणि चार माना वर होतात. बंद खोलीत दोघंच असताना एकानं दुसऱ्याची खिल्ली उडवली, असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘मारणं’ हा एकच नेमका फटका असतो, तो मारून माणूस मोकळा होतो. ‘देणं’ जिथे जिथे येतं तिथे कोणीतरी हातून निसटतं. ‘लावणं’ आणि ‘घालणं’ यांत काहीतरी तुमच्या अंगाला चिकटून राहतं, म्हणजे नुकसान होतं.

‘थट्टा’ या शब्दावर हे तपासता येतं. थट्टा मुळात सौम्य. ती केली तर समोरचाही हसतो. तिच्या मागे क्रियापद बदलून ‘भर सभेत त्याची थट्टा उडवली’ असं म्हणा. नाम तेच आहे, पण आता तो माणूस मान खाली घालून उभा असलेला दिसतो. ‘मस्करी’ मात्र कधी उडत नाही. आणि ‘खिल्ली केली’ हे तर मराठी कानाला सहनच होत नाही.

मस्करीपासून हुर्योपर्यंत

‘मस्करी’ आली अरबीतल्या ‘मस्खरा’वरून, फारसीच्या वाटेनं. मस्खरा म्हणजे विदूषक. ‘फजिती’सुद्धा त्याच वाटेनं आलेली, मूळ ‘फजीहत’. मस्करीला नातं लागतं: दीर-भावजय, मेहुणे-मेहुणे, आजोबा-नात, एका बाकावरचे मित्र. अनोळखी माणूस मस्करी करू लागला की आपण ‘मस्करी करू नका’ असं दटावतो, त्याचं कारण हेच. त्यानं नसलेलं नातं गृहीत धरलेलं असतं.

‘मस्करीची कुस्करी’ नेमकी कुठे होते, हे पाहण्यासारखं आहे. पहिली जागा पुनरावृत्ती. एकच गोष्ट तिसऱ्यांदा काढली की गंमत संपते आणि आरोप उरतो. दुसरी जागा परके बघे. घरात चाललेली मस्करी पाहुण्यांसमोर केली, तर शब्द न बदलताही ती टिंगल होते, कारण हसणाऱ्यांत आता नातं नसलेले लोक असतात. तिसरी जागा सगळ्यात नाजूक: ज्याच्यावर हसायचं ती गोष्ट त्या माणसाला बदलता येण्यासारखी नसणं. उशिरा येण्यावर हसता येतं. तोतरेपणावर, रंगावर, उंचीवर हसलं की ती ‘कुचेष्टा’. हा ‘कु’ मराठीनं फार विचारपूर्वक जोडलेला आहे.

‘चेष्टा’ या शब्दाचा प्रवासही सांगायला हवा. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल. तो अर्थ आपण दोन शब्दांत अजून जपला आहे: हालचाल थांबलेला तो ‘निश्चेष्ट’, आणि माकडासारखे हातवारे म्हणजे ‘माकडचेष्टा’. अंगविक्षेप करून हसवण्यापासून नुसत्या बोलण्यानं हसण्यापर्यंत हा शब्द सरकत आला.

‘टिंगल’ला ठरलेलं लक्ष्य असतं, ती कोणाची तरी असते. ‘टवाळी’ हा मात्र स्वभाव आहे. टवाळ माणसाला समोर कोणी असो वा नसो, कशालाही हसायचं असतं. म्हणून ‘टवाळखोर’ हा शब्द सहज तयार झाला. दोन्ही मिळून ‘टिंगलटवाळी’ म्हटलं की एक टोळकं डोळ्यांसमोर येतं.

वर्तमानपत्रं ‘खिल्ली’ बहुतेक वेळा म्हणण्याची, दाव्याची, घोषणेची उडवतात. ‘टर’ माणसाची उडते. ‘रेवडी उडवणं’ हा जुना मराठी वाक्प्रचार फजितीचा आहे. ‘रेवड्या वाटणं’ म्हणजे फुकट सवलती वाटणं, हा अलीकडे हिंदीतून राजकारणात आलेला. दोन रेवड्यांचा एकमेकींशी संबंध नाही, त्यामुळे मथळ्यात शब्द घेताना क्रियापद नीट बघावं. ‘हुर्यो’ हा तर जमावाचा ओरडाच आहे, त्यात शब्दांची गरजही उरत नाही.

एक वापर मात्र वेगळा आहे. बुडालेल्या पिकाच्या भरपाईपोटी शेतकऱ्याच्या हाती किरकोळ रकमेचा धनादेश पडतो, तेव्हा अग्रलेखात ‘क्रूर थट्टा’ असं छापून येतं. तिथे कोणीच हसत नसतं. तरी ‘टिंगल’ किंवा ‘टर’ न वापरता ‘थट्टा’च का? थट्टा आपला माणूस करतो. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानंच देण्याचा नुसता देखावा केला, हे दुखणं सांगायला टर पुरत नाही. हा वापर अचूक आहे, फक्त अतिवापरानं तो बोथट होऊ लागला आहे.

उशिरा येणारे बंडोपंत: एक प्रसंग, सहा शब्द

आडून बोलण्याच्या शब्दांत सर्वाधिक गल्लत होते. एकच प्रसंग घेऊ. बंडोपंत लग्नाला नेहमी उशिरा येतात. आजही अक्षता पडून गेल्यावर आले.

‘या, या! फारच लवकर आलात.’ हा उपरोध. म्हणायचंय त्याच्या नेमकं उलट बोलायचं आणि सूर असा ठेवायचा की उलट अर्थ कळलाच पाहिजे. सूर चुकला तर ऐकणाऱ्याला ते खरं कौतुक वाटतं. लिखाणात सूर नसतो, म्हणून मोबाइलवरच्या संदेशांत सगळ्यात जास्त गैरसमज उपरोधानं होतात. गंमत अशी की संस्कृतात ‘उपरोध’ म्हणजे अडथळा. आजचा अर्थ मराठीत रुळलेला.

‘काही लोकांच्या घरी घड्याळ नसतं वाटतं.’ हा टोमणा. समोर बंडोपंत आहेत, पण वाक्य ‘काही लोकां’ना उद्देशून. टोमण्याला नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर तो थेट आरोप होतो.

शेजारच्या खुर्चीवरच्या मित्रानं हसत म्हटलं, ‘पंत, पुढच्या लग्नाला आजच निघा.’ ही कोपरखळी. कोपर मारायला माणूस शेजारी बसलेला लागतो, आणि तो फटका बरगडीला लागला तरी जखम करत नाही. शब्दात आपुलकी अशी बांधलेलीच आहे.

‘पंतांचा संयम मोठा. अक्षतांसारख्या मोहालाही ते बळी पडत नाहीत.’ ही व्याजस्तुती. इथे ‘व्याज’ म्हणजे बँकेचं नव्हे, तर निमित्त, बहाणा. स्तुतीच्या बहाण्यानं निंदा, किंवा निंदेच्या बहाण्यानं स्तुती, अशा दोन्ही दिशांनी हा अलंकार चालतो. दुसरी दिशा शाळेत शिकवतात आणि आपण विसरतो.

‘हा माणूस आणि वेळ पाळणार!’ असं म्हणून मंडपातल्या चौघांनी नाक उडवलं, तो उपहास. यात हसणारा स्वतःला वरच्या पायरीवर ठेवतो. ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. त्यातल्या ‘उपहसिता’चं वर्णन असं, की नाकपुड्या फुललेल्या, नजर वाकडी, खांदे आणि डोकं आखडलेलं. उपहास करणाऱ्याचा चेहरा आजही तसाच दिसतो. हसू मोकळं सुटलेलं नसतं, आवळून धरलेलं असतं.

आणि मग कोणीतरी माइक घेतं: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दादरहून येणारे बंडोपंत आपल्या निर्धारित वेळेपेक्षा चाळीस मिनिटे उशिराने धावत आहेत. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हे विडंबन. यात पंतांवर एक शब्दही टीका नाही. रेल्वेच्या उद्घोषणेचा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्यात भलताच माणूस बसवला.

विडंबन जमतं कसं, फसतं कुठे

नाट्यशास्त्रात एक सूत्र आहे: शृंगाराचं अनुकरण म्हणजे हास्य. प्रियकराचे सगळे हावभाव एखाद्या भलत्याच माणसानं, भलत्याच जागी केले की हसू येतं. विडंबनाची सगळी कृती या सूत्रात आहे. साचा तोच ठेवायचा, माल बदलायचा.

म्हणून विडंबनात जे बदललं नाही तेच महत्त्वाचं असतं. गाण्याचं किंवा कवितेचं विडंबन करताना वृत्त, यमक आणि ध्रुवपदाची जागा यांना हात लावायचा नाही. मंगलाष्टकांचं उदाहरण घ्या. त्या शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: चरणात १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, मग उरलेली सात. शेवटचं ‘कुर्यात् सदा मंगलम्’ म्हणजे ती सात अक्षरं. क्रम असा: गुरू, गुरू, लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. बंडोपंतांसाठी इथे ‘या हो जरा लौकरी’ बसवून बघा. या, हो, ज, रा, लौ, क, री: मात्रेला मात्रा जुळते, चालीत म्हणता येतं, आणि पहिल्या अक्षराला मंडप हसतो. ‘जरा लवकर या हो’ म्हटलं तर अर्थ तोच, पण चाल मोडते आणि हशा येत नाही. ‘लवकर’चं ‘लौकर’ का केलं, हे यावरून लक्षात येईल.

फसण्याची दुसरी जागा मूळ रचना. ती ऐकणाऱ्याला तोंडपाठ नसेल तर विडंबन नुसती कविता होऊन बसते. केशवकुमार या नावानं प्र. के. अत्रे यांनी लिहिलेली ‘झेंडूची फुले’ १९२५ मध्ये आली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची भाषा वाचकांच्या कानात ताजी होती. आज त्या मूळ कविता आधी वाचल्याशिवाय त्यातली निम्मी गंमत हातची जाते. मूळ जितकं सर्वांच्या ओठांवर, तितकं विडंबन सुरक्षित: आरत्या, पाढे, रेल्वेच्या उद्घोषणा, सोसायटीच्या सूचना, सरकारी पत्रांतलं ‘उपरोक्त विषयास अनुसरून’.

तिसरी चूक म्हणजे सगळंच बदलणं. एका ओळीत दोन-तीन शब्द बदलले की मागून मूळ ओळ ऐकू येत राहते. सगळे बदलले की ती ऐकू येत नाही, आणि विडंबन त्या दोन ओळी एकदम ऐकू येण्यावरच जगतं.

सोळाव्या शतकात संत एकनाथांनी भारुडात हाच मार्ग घेतला. नवसाचा साचा सगळ्यांना माहीत. त्यात देवीकडे सासरच्या एकेकाला दूर कर असं मागणारी सासुरवाशीण उभी केली. ऐकणारा नवसावर हसतो आणि हसता हसता अहंकार, माया यांच्यापर्यंत पोहोचतो. तमाशातली बतावणी, विदर्भातली खडी गंमत, कोकणातल्या शिमग्यातले संकासूर आणि गोमू हे सगळे या मोकळ्या नकलेच्या परंपरेतले.

फसवणं: कुठवर खेळ, कुठून गुन्हा

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न कामाला येतो: कधी कळतं, आणि पदरचं काय गेलं.

‘थाप’ ही डफावरही मारतात. क्षणाचा आवाज, मागे काही उरत नाही. ‘लोणकढी थाप’ म्हणजे लोणकढ्या तुपासारखी ताजी, आत्ताच कढवलेली, चवदार. ती ऐकून घेण्यातही सुख असतं. ‘भूलथापा’ मात्र निराळ्या; त्यांत भुलवून काहीतरी मिळवायचा हेतू असतो. ‘पुडी सोडणं’ आणि ‘वावडी उठवणं’ यांत थाप मारणारा नामानिराळा राहतो. वावडी म्हणजे पतंग. एकदा वर गेली की दोर कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही.

‘फिरकी घेणं’ आणि ‘थाप मारणं’ यांतला फरक शेवटात आहे. थाप उघडी पडली नाही तरी चालते. फिरकी उघडी पडलीच पाहिजे, आणि ती घेणाऱ्यानंच उघडी करायची असते. एक एप्रिलला केलेली गंमत संध्याकाळपर्यंत सांगितली नाही, तर ती फिरकी राहत नाही.

‘हूल’ खोखोत नीट समजते. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला ती बदलता येत नाही. म्हणून पळणारा एका बाजूला झुकल्यासारखं करतो आणि दुसरीकडून निसटतो. ‘कात्रजचा घाट दाखवणं’ हीसुद्धा हूलच. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातल्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला भलतीकडे वळवलं, अशी आख्यायिका आहे. वाक्प्रचार तिच्यावरून आला.

‘पोपट होणं’ आणि ‘मामा बनवणं’ हे मुंबई-पुण्याकडचे आवडते वापर. पोपट बहुतेक वेळा आपला आपण होतो: सुट्टी समजून घरी बसलो आणि शाळा चालू होती. मामा बनायला दुसरा बनवणारा लागतो. ‘तोंडाला पानं पुसणं’ यात वचन देऊन काहीच न देणं आहे. जेवण न वाढताच जेवल्याचा देखावा. ‘शेंडी लावली’ म्हटलं की थोडंफार गेलं, आणि लावणाऱ्याच्या हुशारीचं किंचित कौतुकही त्यात असतं. ‘गंडा घातला’मध्ये कौतुकाचा लवलेश नाही. त्या शब्दामागे बातमीत रकमेचा आकडा येतो.

वेष बदलणाऱ्यांच्या शब्दांतही हीच रेषा आहे. बहुरूपी पोलिसाचा वेष घालून दारात येतो, काहीतरी अचाट आरोप करतो, घरातली पोरं घाबरतात, मग हसतात, आणि तो उघडपणे बिदागी मागतो. सोंग त्यानंच उतरवलेलं असतं. ‘तोतया’ सोंग उतरवत नाही. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं आणि किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये पेशवाईला ते बंड मोडावं लागलं.

आज व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे’ असं सांगणारा माणूस तोतया असतो. डीपफेकनं, म्हणजे संगणकानं केलेल्या हुबेहूब नकलेनं, नातेवाइकाचा आवाज काढणाराही तोतयाच. त्याला ‘प्रँक’ किंवा ‘फेक कॉल’ म्हटल्यानं प्रकार हलका वाटू लागतो आणि लोक तक्रारच करत नाहीत. भारतीय कायद्यात अशी कोणतीही ‘डिजिटल अरेस्ट’ नाही. कायद्याच्या मराठीत फसवणुकीला ‘ठकवणूक’ म्हणतात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४२०, ज्यावरून ‘चारशे वीस’ हा शब्द घराघरांत पोहोचला, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आलं आहे. तोतयेगिरी करून केलेली ठकवणूक कलम ३१९ मध्ये. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, आणि अर्ज लिहिताना ‘माझी कोणीतरी चेष्टा केली’ असं न लिहिता कोणाच्या नावानं बोलला, काय भीती घातली, किती वाजता किती रक्कम कोणत्या खात्यात गेली, आणि ‘तोतयेगिरी करून फसवणूक’ हे शब्द, एवढं स्पष्ट लिहावं.